पुढचे दोन टायर

३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कान गेल्यापासून तुम्ही फोन ठेवून दिलात ते एका परीने बरं झालं. तुम्हाला माझं ऐकू यायचं नाही आणि तुमचं ओरडणं मात्र आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं. पत्रात घरचं घरात राहतं.

वाईट बातमी आधी सांगते, म्हणजे उरलेलं तुम्ही चष्मा न काढता वाचाल. नव्या ट्रकचे पुढचे दोन्ही टायर खराब झाले. नुसते झिजले असते तर काही म्हटलं नसतं, पण झिजलेत वाकडे. डाव्याची बाहेरची कड खाल्ली गेली आहे आणि उजव्याची आतली. मधला भाग अजून नव्यासारखा. चांगल्या चपलेची एकाच बाजूने टाच जावी तसं दिसतं. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा माझ्या बारकीने अजून काढू दिलेलं नाही, आणि टायर गेले.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवलं. तिथल्या फोरमननी वाकून बघितलं आणि टायर वॉरंटीत येत नाहीत म्हणाले. मग बारकीकडे न बघता मला सांगितलं, की चालवणारा वळणं फार जोरात कापत असेल. चालवणारी शेजारीच उभी होती. ती हात मागे बांधून उभी राहिली, शाळेत रागावल्यावर राहायची तशी.

ठरलेलं मी विसरलेले नाही. गाडीत तुमचा अर्धा वाटा आहे, आणि तो देताना तुम्ही एकच अट घातली होती : वॉरंटीचं वर्षभर स्टिअरिंग बारकीकडे, पण तिच्या हातून गाडी बिघडली तर ते तुमच्या पुतण्याकडे. म्हणून लपवून ठेवत नाही. पण वन्सं, ती काचा वाहते. काचवाल्याची माणसं उभ्या तावदानांना दोऱ्या बांधतात आणि ही तिकडे टोकाला नेऊन पोचवते. आजवर एकीला तडा गेलेला नाही. जोरात वळणं कापणाऱ्याच्या गाडीत काच टिकते का, एवढं मनाशी विचारून बघा.

गुडघ्याला शेक देत जा. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
भावजय

१२ फेब्रुवारी

चि. वाचनवेडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्मा काढला नाही. फेकला.

मी तेव्हाच म्हणाले होते. माझा भाऊ गेला, जुना ट्रक भंगारात गेला, त्याबरोबर तो धंदाही जाऊ द्यायचा होता. शिवणाचं दुकान टाक म्हटलं, नाही. खानावळ काढ म्हटलं, नाही. आईला पुस्तकं आणि मुलीला ट्रक. तुम्ही दोघी मिळून मला वेड लावणार. त्याने मुलीला गाडी शिकवली ती हौसेने. हौसेच्या गोष्टी हौसेपुरत्या ठेवायच्या असतात.

काचेचं म्हणतेस ते पटलं. अर्धंच पटलं. काच जपली आणि टायर खाल्ले, असंही असू शकतं. फोरमन रोज शंभर गाड्या बघतो. तू एक बघतेस, तीही आईच्या डोळ्यांनी.

पुतण्याला अजून काही बोलले नाही. पण तो हुशार आहे, न सांगता कळतं त्याला. परवा मोठ्या गाडीच्या लायसनची मुदत तपासून आला.

नवीन टायर घाला, मशिनवर चाकं सरळ करून घ्या, आणि बारकीला सांग की वळणावर माझी आठवण काढ. पुन्हा असंच झालं तर मी ऐकणार नाही. तसं मला ऐकू येतच नाही.

तुला आणि त्या दांडगीला आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.

तुझी वन्सं

२६ फेब्रुवारी

ती. वन्संच्या चरणी,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला मी हसले आणि बारकी रुसली. दांडगी म्हटल्याबद्दल नाही, शिवणाच्या दुकानाबद्दल. तिला सुईत दोरा ओवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणालात तसं केलं. वर्कशॉपच्या मशिनवर अलाइनमेंट झाली. पुढच्या दोन चाकांना आरशासारख्या चकत्या लावतात आणि समोर पडद्यावर हिरवं-लाल दिसतं. सगळं हिरवं आलं. फोरमन म्हणाले, की बघा, गाडीत काही दोष नाही. माणूस वाईट नाही हो. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, जुन्या टायरवरून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. एका बाजूने फिरवला की गुळगुळीत लागतो, उलट फिरवला की करवतीच्या दातांसारखा अडतो. चाक पुढे जाता जाता जमिनीवर आडवं घासलं जातं, त्याची ती खूण. का घासलं जातं, ते त्यांनाही सांगता येईना.

मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून गेले होते. हसू नका. त्यात टायर वॉरंटीत नाहीत हे खरंच लिहिलंय, पण पुढे असंही आहे, की कारखान्यातून आलेल्या दुसऱ्या भागातल्या दोषामुळे टायर गेले तर ते कंपनीने भरून द्यायचे. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नीट वाचलं आणि मान्य केलं. मग बारकीला विचारलं, की चालवताना गाडी एका बाजूला ओढते का. बारकी म्हणाली, नाही, सुतासारखी सरळ जाते. झालं. त्यांनी कागदावर तेच लिहिलं आणि आमचं तोंड बंद झालं. ओढत नाही म्हणजे गाडी सरळ, आणि गाडी सरळ म्हणजे दोष हाताचा.

घरी येताना मी तिला म्हटलं, थोडं तरी ओढते म्हणायचं होतंस. ती म्हणाली, नाही ओढत तर खोटं कसं बोलू. अगदी ह्यांच्यासारखं बोलली.

नवे टायर चढवले आहेत. बारकी आता वळणावर इतकी सावकाश जाते की मागची सायकल घंटी वाजवते.

तुमच्या मनात आमच्यासाठी जागा ठेवा.

तुमची,
भावजय

८ मार्च

चि. वाचनवेडीस,
आशीर्वाद.

यावेळी थट्टा कमी करते.

पुतण्याने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की हे टायरही तसेच गेले तर महिना संपला की तू ये. त्याने त्याच दिवशी नवा शर्ट घेतला. बारकीने मग काचवाल्याच्या दुकानात हिशेबाला बसावं. तिला उन्हातान्हात हिंडावं लागणार नाही आणि तुला वाट बघावी लागणार नाही.

तुला वाटत असेल मला माझ्या वाट्याची काळजी आहे. खड्ड्यात गेला तो वाटा. माझा भाऊ एवढी वर्षं रस्त्यावर होता आणि शेवटी गेला घरच्या खुर्चीत बसून, पेला हातात धरून. रस्त्याने त्याला काही केलं नाही, हे मला कळतं. तरी ती पोरगी गाडी घेऊन निघाली असं तुझ्या पत्रात आलं, की पुढचं पत्र येईपर्यंत माझ्या पोटात गोळा असतो. इथे मला गाड्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. नुसत्या दिसतात, एकदम अंगावर आल्यासारख्या. तिच्याजागी एखादा दांडगट पोरगा असेल तर मी बिनघोर जेवेन, मग तो माझा पुतण्या असला तरी चालेल. हे चांगलं नाही, पण आहे हे असं आहे.

टायर कसे आहेत ते खरं लिही. तू खोटं लिहीत नाहीस म्हणूनच विचारते.

तुझी वन्सं

२० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

खरं लिहिते. टायर पुन्हा गेले. त्याच कडा, डाव्याची बाहेरची, उजव्याची आतली. हात उलटा फिरवला की तेच दात.

बारकीने स्वतःच दाखवलं मला. मग म्हणाली, आत्याला लिही, दादाला बोलावून घे. रडली नाही. गाडी धुतली, काचा पुसल्या, आरसे पुसले. मी ठरवलं की तिची शेवटची फेरी होईल त्या फेरीला मी बरोबर जायचं. ह्यांच्या शेजारी बसून एवढी हिंडले, तिच्या शेजारी वर्कशॉपपर्यंतच्या गल्ल्यांपलीकडे कधी बसले नव्हते. ह्यांच्या शेजारी बसूनच तर वाचायला शिकले मी. रस्त्याकाठच्या पाट्या, पुढच्या गाड्यांच्या पाठी, दुकानांची नावं. एकेक अक्षर मी मोठ्याने लावायचे आणि हे न हसता दुरुस्त करायचे.

तर मागे काचा, पुढे आम्ही दोघी. गावाबाहेर पडलो, सरळ रस्ता लागला. मी सवयीने तिच्याकडे बघितलं. वन्सं, हे बसले होते तिथे. डावा खांदा वर, उजवा खाली, मान किंचित कललेली. हुबेहूब. मी खिडकीबाहेर तोंड केलं. तिला वाटलं मला गाडी लागली.

मग पुन्हा बघितलं. आता खांद्याकडे नाही, हाताकडे. रस्ता सरळ होता आणि स्टिअरिंग तिरकं होतं. मी तिला विचारलं, की वळण नसताना तू चाक वळवून का धरलंयस. तिला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, सरळ कर बघू. तिने केलं, आणि गाडी हळूच डावीकडे निघाली, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे. तिने चटकन पुन्हा उजवीकडे धरलं आणि म्हणाली, आई, गाडीला एवढा हात द्यावाच लागतो, बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय.

शिकवलं, पण कोणत्या गाडीवर? आमच्या त्या जुन्या खटाऱ्यावर. तो जन्मभर डावीकडे ओढायचा. हे त्याला शिव्या देत देत उजवीकडे धरून ठेवायचे, आणि पुढे पुढे शिव्यासुद्धा द्यायचे बंद झाले. बारकी दुसऱ्या कुठल्या ट्रकवर बसलीच नाही. तिला वाटतं गाडी चालवणं म्हणजेच डावीकडे जाणाऱ्या गाडीला उजवीकडे धरणं. नवी गाडी उजवीकडे ओढली असती तर पहिल्या दिवशीच ओरडली असती. ही ओढते नेमकी जुनीसारखी. म्हणून त्या फोरमनना तिने मनापासून सांगितलं, की सुतासारखी जाते. आणि मी? मीही ते तिरकं चाक इतकी वर्षं बघत आले, की मलाही चाक तसंच असतं असं वाटायचं.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आम्ही दोघी इतक्या हसलो, की मागून आलेल्या माणसाने थांबून काही मदत हवी का विचारलं.

पुतण्याला थोडं थांबवा. महिनाअखेरपर्यंत नाही, आम्ही वर्कशॉपमधून परत येईपर्यंत. एवढं मागते.

तुमची,
भावजय

२७ मार्च

चि. वाचनवेडीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं.

तो खटारा डावीकडे ओढायचा हे खरं आहे. मी एकदाच बसले होते त्यात, तुमच्या घरी सामान आणताना. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, की अरे, सरळ बस, पाठ वाकेल. तो म्हणाला, मी सरळ बसलो तर ताई, आपण त्या विहिरीत जाऊ. मला ती थट्टा वाटली होती.

थांबवलंय पुतण्याला. तोंड एवढंसं केलं त्याने. पण एक सांगते : कंपनीची माणसं रस्त्यावरच्या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाहीत. आई आणि लेक काय, काहीही सांगतील म्हणतील. त्यांना चालवायला लावा. स्टिअरिंग सोडून दाखवा म्हणावं. आणि सोडाल ते मोकळ्या जागेत, पोरीला रस्त्यावर असले खेळ करू देऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ.

काय होतं ते लगेच कळव. पोस्टमन येतो त्या वेळेला मी दारातच बसते आजकाल.

तुझी वन्सं

६ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न., आणि आज एक नमस्कार जास्तीचा, तो तुमच्या अकलेला.

तुम्ही सांगितलंत तेच केलं. फोरमनना मी सगळं सांगितलं, जुन्या गाडीपासून. मला वाटलं होतं ऐकून घेणार नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बारकीला म्हणाले, तू आधी कोणती गाडी चालवायचीस हे विचारायला हवं होतं मी. मग स्वतः चावी घेतली.

वर्कशॉपच्या मागे मोठं मोकळं आवार आहे, नव्या गाड्या उभ्या करायचं. त्या दिवशी अर्धं रिकामं होतं. ते चालवायला बसले, बारकी शेजारी, मी पत्र्याच्या शेडखाली. हळू वेग धरला आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडी चालली डावीकडे. आधी कळेल न कळेल अशी, मग उघड उघड, तेलाच्या रिकाम्या पिंपांकडे. त्यांनी ब्रेक लावला. पुन्हा आवाराच्या टोकाला नेली, पुन्हा हात सोडले. पुन्हा पिंपं. तिसऱ्या वेळेला शेडमधली पोरं हातातली पाने-पकडी ठेवून बघायला आली होती.

पुढची चाकं तर मशिनवर हिरवी होती. मग फोरमननी मागची चाकं मोजायला लावली. आधी ती कोणी मोजलीच नव्हती, कारण मागची चाकं वळत नाहीत, त्यांना काय बघायचं! डावीकडे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर आणि उजवीकडचं अंतर सारखं असायला हवं. नव्हतं. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल तिरका बसलेला. पाट्यांना, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना, अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारा बोल्ट ज्या भोकात बसतो, ते भोकच कारखान्यात चुकीच्या जागी पाडलेलं. मागची चाकं गाडीला सारखी डावीकडे ढकलायची, बारकी पुढची चाकं उजवीकडे धरायची, आणि त्या दोघांच्या भांडणात टायर घासले जायचे. ती जितकी नेटाने गाडी सरळ ठेवायची तितके टायर लवकर जायचे.

कंपनीचे इंजिनिअर येऊन फोटो काढून गेले. दोष कारखान्याचा, असं त्यांनी लिहून दिलं. अ‍ॅक्सलचा तो भाग बदलला, पाटे बदलले, पुढचे दोन्ही टायर नवे दिले, सगळं वॉरंटीत. फोरमननी आपल्या कागदावरची ती आधीची ओळ बारकीसमोर खोडली आणि तिची माफी मागितली. बारकी म्हणाली, सरळ जाते असं मीच सांगितलं होतं, तुम्ही तरी काय करणार. मग दोघंही एकमेकांना नाही नाही म्हणत राहिली, तेव्हा मी चहा मागवला.

आता पुढचं ऐका. दुरुस्ती झाल्यावर गाडी तपासून घ्यायची होती. फोरमन चावी घेऊन निघाले आणि मध्येच थांबून त्यांनी ती बारकीला दिली. ती आवाराच्या टोकाला गेली. शेडमधली सगळी माणसं बाहेर आली होती, ऑफिसातल्या बाईसुद्धा. गाडी सुटली. बारकीने हात वर केले, दोन्ही, खिडकीतून आम्हाला दिसावेत असे. पिंपं डावीकडे राहिली. भिंत उजवीकडे राहिली. गाडी मधून, सरळ, एखादी रेघ ओढावी तशी फाटकापर्यंत आली, आणि फाटकाशी तिने ब्रेक लावला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी वाजवली नाही. माझे हात पदरात अडकले होते.

गंमत म्हणजे घरी येताना तिला गाडी चालवता येईना. हात सवयीने उजवीकडे जायचा आणि गाडी लगेच ऐकायची, उजवीकडेच जायची. नागमोडी आलो आम्ही. आता जमतंय. काल परत तिच्याबरोबर गेले होते काचा पोचवायला. ताठ बसली होती. दोन्ही खांदे सारखे. छान दिसत होती, मोठी दिसत होती. पण वन्सं, तुमच्यापाशीच बोलते, मला क्षणभर वाटलं, हे वाटेत कुठेतरी उतरून गेले. गाडी नीट व्हावी म्हणून आम्हीच धडपडलो आणि ती नीट झाल्यावर मला असं वाटावं, म्हणजे काय माणूस आहे मी.

असो. आनंदाच्या पत्रात हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. खोडत नाही. स्टिअरिंगचं काय ते आता तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा.

तुमची,
भावजय

१५ एप्रिल

चि. वाचनवेडीस,
आणि चि. बारकीस, हे तिलाही वाचून दाखव,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पोस्टमनसमोरच उघडलं पत्र. तो बिचारा विचारत होता काय झालं म्हणून. मी त्याला फाटकापर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. पुढचं नाही दाखवलं.

त्या पुढच्याचं उत्तर आधी देते. तो वाकडा बसायचा कारण गाडी वाकडी होती. तो स्वतः वाकडा नव्हता. त्याला सरळ गाडी मिळाली असती तर तो त्या दिवशी जशी बारकी बसली होती तसाच बसला असता, आणि तू शेजारी बसून दुकानांच्या पाट्या लावत राहिली असतीस. त्याला ती मिळाली नाही. तिला मिळाली, आणि तुम्ही दोघींनी ती भांडून मिळवली. रडायचं असेल तर रड, पण त्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. मीही रडले. पोस्टमन गेल्यावर.

आता माझा शब्द. स्टिअरिंग बारकीचं. वर्षापुरतं नाही, तिला कंटाळा येईपर्यंत. पुतण्याला मी समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला, मग शर्टाचं काय करू. मी म्हटलं, घाल आणि दुसरीकडे नोकरी शोध. खरं सांगायचं तर तो फोरमन पैसे घेऊन टायर बदलून देत राहिला असता आणि पुतण्याने बदलून घेतलेही असते. त्याने दोष गाडीचा की हाताचा, हे कधी बघितलंच नसतं. हे मी त्याला सांगितलं नाही. एवढीही मी वाईट नाही.

राहिला माझ्या पोटातला गोळा. तो काही टायर बदलून गेलेला नाही. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी आमच्या दारावरून एक ट्रक गेला, तर मी दारातून उठून आत गेले. तेव्हा मी एक ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात काचांची फेरी इकडच्या बाजूला असेल तेव्हा बारकीने मला दारातून उचलायचं. मी दोन-चार दिवस तुमच्याकडे राहीन. तू मधल्या सीटवर बस, खिडकी मला हवी. मला ऐकू येत नाही, तेव्हा इंजिनाच्या आवाजाचा त्रास नाही, आणि तुम्ही दोघी माझ्याबद्दल काय बोलाल त्याचाही नाही. घरात बसून घाबरते आहेच, त्यापेक्षा तिच्या शेजारी बसून घाबरेन म्हणते.

वर चढायला एखादं स्टूल ठेवा. गुडघा अजून तसाच आहे.

वाट बघते आहे, दारातच.

तुझी वन्सं